बोलत नाही, पण सांगायचं आहे: मुक्या स्वमग्न मुलांविषयी गैरसमज आणि वस्तुस्थिती

कर्जत आणि खालापूरच्या डोंगरउतारांवर ठाकरांच्या वाड्या आहेत. त्यांतल्या कितीतरींचं नावच ठाकुरवाडी. अशा वाडीत चार वर्षांचं मूल एक शब्दही बोलत नसलं, हाकेला वळून पाहत नसलं, तर घरातून पहिलं उत्तर येतं, "बोलेल की, बापही उशिराच बोलला." मग कुणी अंगारा सुचवतं, कुणी भगताचं नाव घेतं. भगताकडे जाणाऱ्या आईला मी दोष देणार नाही. तिला दुसरी वाट कुणी दाखवलेलीच नसते. पण या वाटेवर मुलाची शिकण्याची उत्तम वर्षं हातची जातात.

"उशिरा बोलेल" यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच तो समज घातक ठरतो. २०१३ साली अमेरिकेत ५३५ स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली. वयाच्या चौथ्या वर्षी या सगळ्यांची भाषा फार मागे होती. पुढच्या वर्षांत त्यांतली सुमारे ७० टक्के छोटी वाक्यं बोलू लागली आणि ४७ टक्के सफाईने बोलू लागली. म्हणजे चौथ्या वर्षी दार बंद होत नाही. पण उरलेल्यांचं काय? आणि जी पुढे बोलणार आहेत, त्यांनी तोवर तहान लागल्याचं कशाने सांगायचं?

सगळ्यात आधी कानांची तपासणी हवी. हाकेला न वळणारं मूल बहिरंही असू शकतं आणि स्वमग्नता व बहिरेपण एकत्रही असू शकतात. बेरा नावाच्या तपासणीत मुलाने उत्तर द्यावं लागत नाही, ते झोपलेलं असतानाही ती होते. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था वाचा आणि श्रवणाचंच काम करते.

दुसरा गैरसमज आईला फार दुखावतो. ती कामाला जाते, मूल आजीपाशी असतं, म्हणून ते असं झालं, असं म्हणतात. हे वाडीतल्या लोकांचंच अज्ञान नाही. १९४३ साली लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचं वर्णन करून स्वमग्नतेला वैद्यकीय नाव दिलं. त्यानंतर आईच्या थंडपणाला दोष देण्याची टूम बड्या तज्ज्ञांनीच पसरवली. ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९६७ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्याआधीच, १९६४ मध्ये, बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः स्वमग्न मुलाचा बाप होता, ठामपणे सांगितलं होतं की कारण मेंदूच्या जडणघडणीत आहे. आज त्यावर दुमत नाही. स्वमग्नतेत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. आईच्या मजुरीचा त्याच्याशी संबंध नाही.

आता मुख्य मुद्दा. बोलत नाही म्हणजे त्याला काही सांगायचं नाही, हा समज मोडला तरच पुढचं काही घडतं. आईचा हात धरून भाकरीच्या टोपलीपाशी नेणारं मूल सांगतच असतं. जमिनीवर डोकं आपटणारंही सांगत असतं. एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी १९८५ मध्ये हेच प्रयोगाने दाखवलं. त्रासदायक वागण्यातून मूल काय मागतंय हे ओळखायचं, कुणाचं लक्ष की कामातून सुटका, आणि तीच गोष्ट मागण्याची सोपी रीत शिकवायची. रीत कळली की डोकं आपटणं घटतं. मारून, दटावून ते घटत नाही.

अशा शिकवण्याला वर्तनोपचार म्हणतात. त्याचं मूळ तत्त्व एवढंच आहे: ज्या कृतीनंतर हवं ते मिळतं, ती कृती पुन्हा होते. याच तत्त्वावर अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी १९८५ मध्ये अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात चित्रं देऊन मागण्याची पद्धत रचली. ती वाडीतल्या ओटीवर अशी बसवता येते. मुलाला बिस्किट फार आवडतं असं धरू. बिस्किटाच्या पुड्याचा रिकामा कागद पुठ्ठ्यावर चिकटवायचा. समोर आई बिस्किट घेऊन बसेल, मागे मोठी बहीण. मुलाने बिस्किटाकडे हात नेला की बहिणीने एक शब्दही न बोलता त्याच्या हाताने पुठ्ठा उचलून आईच्या हातात द्यायला लावायचा. आईने त्याच क्षणी "बिस्किट!" म्हणत तुकडा द्यायचा. "बोल, काय पाहिजे? आधी बोल," असं म्हणायचं नाही. तुकडा छोटा ठेवायचा, म्हणजे मागण्याची संधी पुन्हा येते. हळूहळू बहिणीने हात मागे घ्यायचा. मग आई दोन पावलं दूर बसेल, नंतर दुसऱ्या खोलीत असेल. पुढे दोन पुठ्ठे ठेवून निवड शिकवायची. पाण्यासाठी तांब्याचा फोटो, अंगणात जाण्यासाठी चपलेचा.

यात दोन गोष्टी विसरल्या जातात. पहिली, मूल फक्त मागायला शिकतं, नाकारायला नाही. "नको", "पुरे" आणि "मदत कर" यांची चित्रं किंवा खुणा लवकर द्यायला हव्यात. दुसरी, सराव म्हणून जेवण किंवा पाणी अडवून धरणं हा उपचार नव्हे, तो छळ आहे.

चित्रांची सवय लागली तर मूल कधीच बोलणार नाही, ही भीती शिकलेल्या घरांतही आहे. २००६ साली मिलर, लाइट आणि श्लॉसर यांनी या प्रश्नावरचे अभ्यास एकत्र तपासले. भक्कम पुरावा असलेल्या २७ व्यक्तींपैकी एकाचंही बोलणं कमी झालेलं नव्हतं. ८९ टक्क्यांचं थोडंफार वाढलं होतं. मोबाइल असेल तर आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो हे अॅप मराठीत आहे. आणि घरात ठाकरी बोली असेल, तर चित्र देताना उच्चारायचा शब्दही ठाकरीच असू द्या. दोन भाषांनी स्वमग्न मूल गोंधळतं, याला आधार सापडलेला नाही.

वर्तनोपचारावर आक्षेप आहेत आणि ते झाकून ठेवू नयेत. या उपचाराचे एक आद्य पुरस्कर्ते, इव्हार लोव्हास, सुरुवातीच्या काळात मुलांना चापट मारत, विजेचे झटकेही देत. १९८७ मध्ये त्यांनी १९ मुलांवर आठवड्याला ४० तासांच्या उपचाराचे निष्कर्ष मांडले आणि जगभरच्या पालकांना चमत्काराची आशा लागली. कॉक्रेन या संस्थेच्या २०१८ च्या समीक्षेने अशा सघन उपचाराचे पाच अभ्यास तपासले; त्यांत एकूण २१९ मुलं होती. फायदा दिसला, पण पुरावा दुबळा ठरला. स्वमग्न प्रौढांची तक्रारही ऐकायला हवी: नजर भिडवायला, हात न हलवायला शिकवून आम्हाला काय मिळालं? माझ्या मते त्यांचं बरोबर आहे. मुलाला त्याचं म्हणणं पोचवता येणं हे ध्येय असावं, इतरांसारखं दिसणं नव्हे.

मुलाचा हात धरून अक्षरांच्या पाटीवर "त्याचे विचार" लिहून घेणाऱ्यांपासून सावध राहा. हात धरणाऱ्यालाच जे ठाऊक असतं तेच उमटतं, हे नियंत्रित चाचण्यांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. वर सांगितलेल्या सरावात बहिणीचा हात मागे घेणं इतकं महत्त्वाचं आहे ते याचमुळे. मूळपेशींच्या इंजेक्शनांसाठी जमीन विकू नका. आयसीएमआर या केंद्रीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्वमग्नतेसाठी त्या मान्य उपचार नाहीत.

"हे सगळं शहरातल्या थेरपी सेंटरमध्येच होतं" हा समज वाडीसाठी सगळ्यात महाग पडतो. कर्जतहून लोकल आहे, पण वाडीतून कर्जत गाठून मुंबईला जाऊन यायचं म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते. गोव्यातली संगथ ही संस्था आणि पाकिस्तानातले रावळपिंडीचे सहकारी यांनी ६५ मुलांवर केलेली चाचणी २०१६ मध्ये 'लॅन्सेट सायकियाट्री'त आली. तिथे तज्ज्ञ नव्हे, तर प्रशिक्षण दिलेल्या साध्या कार्यकर्त्या घरी जात. आईबाप मुलाशी खेळतानाचं चित्रण करून ते त्यांच्याबरोबरच पाहत आणि मुलाच्या इशाऱ्याला उत्तर कसं द्यायचं हे दाखवत. मुलं आपणहून पालकांशी संवाद सुरू करण्याचं प्रमाण वाढलं. ही पद्धत काटेकोर अर्थाने वर्तनोपचाराची नाही, पण शिकवणं घरात आणि पालकांच्या हातून होऊ शकतं, हे तिने सिद्ध केलं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला शाळाच आदिवासींच्या अंगणात नेली होती. महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाही. आशाताई आणि अंगणवाडीसेविकांना असं प्रशिक्षण मिळालं, तर कर्जत-खालापुरातही हे होईल.

तोवर जे हाताशी आहे ते वापरा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. हा कार्यक्रम २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्या पालघरमधूनच सुरू झाला. विकासातल्या विलंबासाठी मुलाला पुढे पाठवणं हे त्याचं काम आहे, तेव्हा त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. स्वमग्नता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत मोडते. 'इसा' या भारतीय मोजपट्टीवर तपासून प्रमाणपत्र मिळतं. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचा विमा असून त्यात थेरपीचा खर्चही धरलेला आहे. अंगणवाडीताईंना पुढच्या तपासणीची तारीख विचारा, आणि बिस्किटाच्या पुड्याचा कागद आजच पुठ्ठ्यावर चिकटवा.