दरड कोसळायच्या आधीचा पैसा

आमच्या सिरसाळ्यात दरडी कोसळत नाहीत, तरी आज इर्शाळवाडीबद्दल बोलू. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगडमधली ही ठाकर आदिवासींची वाडी दरडीखाली गेली. दरडप्रवण गावांच्या यादीत तिचं नावच नव्हतं!

मग सरकारकडं तयारीसाठी पैसा नसतो का? असतो ना. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २६ साठी राज्याच्या आपत्ती निधीतल्या दर १०० रुपयांमागं २० धोका कमी करायला अन् १० पूर्वतयारीला ठेवले. उरलेले ७० मदत अन् पुनर्उभारणीचे. पण मी पडलो सॉफ्टवेअरवाला. इनपुटच नसेल तर आउटपुट कुठून येणार?

२००५ च्या कायद्यानं जिल्ह्याच्या आपत्ती आराखड्यात धोक्याच्या जागा नोंदवाव्याच लागतात. त्यात तुमची वाडी, तुमचा तांडा आहे का? पुढच्या ग्रामसभेत विचाराच.