तानपुऱ्यात 'टक्' कुठून आलं?

आज एकच प्रश्न घेतोय, कारण त्याला डेडलाइन आहे. एका श्रोत्याची व्हॉइस नोट आलीय. तो जिथे गाणं शिकतो, तिथे दोन आठवड्यांनी गुरुपौर्णिमेची बैठक आहे. त्याच्या बाई बऱ्याच वर्षांनी स्वतः गाणार आहेत आणि रेकॉर्डिंगचं काम याच्या गळ्यात पडलंय. लॅपटॉप, दोन माइक आणि एक यूएसबी ऑडिओ इंटरफेस, एवढं सामान. सरावाला रेकॉर्ड करून बघितलं, तर विलंबित चालू असताना मधूनच 'टक्', मग पुन्हा 'टक्'. "नवीन लॅपटॉप घेऊ का?" असं विचारतोय.

थांब. आधी ते 'टक्' बघ. हो, बघ, ऐकू नकोस. ऑडॅसिटीत किंवा जे काही वापरतोस त्यात ती जागा शोध आणि लाट जितकी मोठी करता येईल तितकी मोठी कर. लाटेचा माथा सुरीने कापल्यासारखा सपाट दिसला तर ते क्लिपिंग आहे, म्हणजे इंटरफेसवरचा गेन जास्त झालाय. नॉब खाली आण, संपला विषय. २४ बिटमध्ये रेकॉर्ड करत असशील तर सगळ्यात मोठी तान उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू दे. आवाज बारीक वाटेल, पण तो नंतर वाढवता येतो. कापला गेलेला माथा परत येत नाही. पण लाट गुळगुळीत चाललीय आणि मधेच एका जागी सरळ उडी मारून दुसरीकडे सुरू होतेय, किंवा छोटासा तुकडा एकदम शून्यावर बसलाय, असं दिसलं तर तो ड्रॉपआउट. म्हणजे तिथला आवाज लॅपटॉपने घेतलाच नाही.

आणि हे तबल्यापेक्षा तानपुऱ्यात जास्त का कळतं? तबल्याच्या बोलांत असं एखादं टक् लपून जातं. तानपुऱ्याचा नाद अखंड असतो, त्यात दहा मिलिसेकंदांची फट पडली तरी कानाला खडा लागतो.

आता फट का पडते ते समजून घेऊ. नळाखाली बादली लावलीय असं समजा. नळ म्हणजे इंटरफेस, तो सेकंदाला ४८,००० नमुने ओततोय आणि कोणासाठीही थांबत नाही. बादली म्हणजे बफर. ती भरली की प्रोसेसरने येऊन रिकामी करायची. २५६ नमुन्यांची बादली साधारण ५.३ मिलिसेकंदांत भरते, १०२४ची २१.३ मिलिसेकंदांत. प्रोसेसर तेवढ्यात आला नाही तर पाणी वाहून जातं. तुमचं टक् म्हणजे हे वाहून गेलेलं पाणी.

इथेच बहुतेक जण फसतात. यूट्यूबवर सगळे सांगतात की बफर लहान ठेवा, लेटन्सी कमी होते. खरंय, पण ते हेडफोनमध्ये लॅपटॉपमधून फिरून आलेला स्वतःचा आवाज ऐकत गाणाऱ्यासाठी. बैठकीत बाई लॅपटॉपमधून काहीच ऐकणार नाहीयेत. मग घाई कोणाला आहे? बफर सरळ १०२४वर टाक, इंटरफेस देत असेल तर २०४८वर. तुला हेडफोनवर ऐकायचं असेल तर इंटरफेसचं डायरेक्ट मॉनिटरिंग वापर, तो आवाज लॅपटॉपमध्ये जातच नाही. माझ्या मते निम्म्याहून जास्त तक्रारी इथेच मिटतात.

तरीही टक् येत असेल तर प्रोसेसर कुठे अडकतोय ते शोधायचं. प्रोसेसर दमलेला असतो असं नाही. टास्क मॅनेजरमध्ये १० टक्केच वापर दिसतो आणि तरी ड्रॉपआउट येतात, कारण एखादा ड्रायव्हर काही मिलिसेकंद रांग अडवून बसतो. विंडोजवर लेटन्सीमॉन नावाचं फुकट टूल आहे. दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवलं की कोणता ड्रायव्हर वेळ खातोय ते दाखवतं. वाय-फायचा ड्रायव्हर हा नेहमीचा संशयित, म्हणून रेकॉर्डिंगच्या वेळी एअरप्लेन मोड. मग पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर, यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद, क्लाउड सिंक बंद. इंटरफेस हबमधून नको, थेट लॅपटॉपच्या पोर्टमध्ये. आणि कंपनीने इंटरफेससाठी स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर दिला असेल तर तोच टाक.

डिस्कला मात्र उगाच दोष देऊ नका. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, दोन चॅनेल म्हणजे तासाला जेमतेम एक जीबी. जुनी हार्ड डिस्कसुद्धा एवढं आरामात लिहिते.

एक गंमत सांगतो. इंटरफेस नाही, लॅपटॉपचाच माइक वापरताय आणि तानपुरा हळूहळू गायब होतोय? ते नॉइज सप्रेशन आहे. ते मीटिंगसाठी बनवलेलं, त्याला सतत चालणारा आवाज म्हणजे पंखा वाटतो. तानपुऱ्याला पंखा समजून ते पुसून टाकतं! साउंड सेटिंगमध्ये जाऊन ऑडिओ एन्हान्समेंट बंद करा.

दोन माइक दोन वेगवेगळ्या यूएसबींवर लावायचा मोह टाळा. दोघांची घड्याळं वेगळी, किंचित मागेपुढे चालतात. तासाभरात आवाज एकमेकांपासून सरकतात, किंवा जुळवून घेताना ठरावीक अंतराने टक् येतं. एका इंटरफेसवर दोन माइक, तेच बरं.

सतत 'हूं' असा आवाज असेल तर तो ड्रॉपआउट नाही, विजेची ५० हर्ट्झची घरघर आहे. चार्जर काढून बघ, गेली तर दोषी सापडला. पण बॅटरीवर गेलं की लॅपटॉप वीज वाचवायला स्वतःला मंद करतो आणि टक् परत येऊ शकतं. म्हणून बॅटरीवरची पॉवर सेटिंगसुद्धा तपास.

सरावाच्या दिवशी पाच मिनिटांची टेस्ट पुरणार नाही. त्याच केबल, तोच पोर्ट, पूर्ण तासभर, स्क्रीन लॉक होण्याची वेळ उलटून जाईपर्यंत. ऑडॅसिटीत ड्रॉपआउट शोधण्याचं सेटिंग चालू ठेव, जिथे आवाज गळला तिथे ते खूण करून ठेवतं.

आणि त्या दिवशी एक फोन एअरप्लेन मोडवर टाकून, व्हॉइस रेकॉर्डर चालू करून बाईंच्या समोर ठेवून दे. लॅपटॉपमध्ये कुठे फट पडलीच तर तेवढा तुकडा फोनमधून उचलून लावता येईल. बैठक सुरू होताना दोन्हीकडे ऐकू जाईल अशी एक टाळी वाजव, म्हणजे नंतर दोन्ही फाइल जुळवायला सोपं जाईल.