आधी पाणी, मग युरिया

सकाळी ६:००
चाकूर. लातूर–नांदेड रस्त्यालगतची रोपवाटिका. मे महिना. गेल्या पावसाळ्यात लावलेल्या आंब्याच्या कोयींची रोपं काळ्या पिशव्यांत उभी आहेत. यंदा त्यांच्यावर केशर आंब्याचं कलम बांधायचं. मावशी पदर खोचून तण उपटायला बसतात.

६:३०
लाईट आहे तोवर बोअर चालू. मालक मगात पाणी घेऊन खारटपणा मोजणारा ईसी मीटर बुडवतात. २.१. शेततळ्याचं पाणी ०.५. रोजच्या पाण्यासाठी हौदात निम्मं-निम्मं.

७:३०
आज मात्र नुसतं तळ्याचं पाणी. पिशवीच्या भोकांतून निथळेपर्यंत. साचलेले क्षार खाली जातात. पण त्यांच्याबरोबर नायट्रेटही वाहून जातं. म्हणून खत आत्ता नाही, नंतर.

१०:००
निवडानिवड. टोकं करपलेली रोपं बाजूला. काहींची खालची पानं पिवळी.
"मालक, खत कमी पडलं का?"
"खत हाय मावशी, मुळी उचलंना."
मुळीच्या तोंडाशी खाऱ्या पाण्यातलं क्लोराइड नायट्रेटची वाट अडवतं, सोडियम अमोनियमची. वर आणखी खत ओतलं, की माती अजून खारट.

दुपारी १:००
भाकरी, ठेचा, कांदा. बोलणं खाऱ्या पाण्याचंच. इराणात केरमानकडे पिस्त्याच्या बागांना असंच खारं पाणी मिळतं. पिस्ता ते बऱ्यापैकी सोसतो, तरी क्षार वाढले की त्याच्या रोपांनाही नत्र नीट घेता येत नाही. आंबा तर मुळात नाजूक.

५:००
ऊन कललं. युरियाची गोणी ४५ किलोची, २६६ रुपये ५० पैशांची. त्यात नत्र ४६ टक्के. दहा लिटरच्या झारीत ३० ग्रॅम, काट्यावर तोलून. ढवळलं तरी मीटर जवळजवळ हलत नाही; नुसता विरघळलेला युरिया क्षार नाही. १९:१९:१९ हे मिश्रखत टाकलं असतं, तर आकडा लगेच चढला असता. पण मीटर गप्प आहे म्हणून मूठ सैल सोडायची नाही. मातीत युरियाचं आधी अमोनियम होतं, मग नायट्रेट. तेव्हा तोही क्षारच.

६:३०
मावशींची हजेरी ३०० रुपये. तयार कलम ८० रुपयांना जातं. म्हणजे चार रोपं करपली, की एक हजेरी गेली.

रोप पिवळं पडलं तर गोणी फोडण्याआधी बोअरचं पाणी तपासून घ्या.