‘इन्फ्लेमेबल’ : पेट घेणारे की न घेणारे?

पेट्रोलच्या टँकरवर ठळक अक्षरांत लिहिलेल्या ‘हायली इन्फ्लेमेबल’ या शब्दांचा अर्थ ‘अतिज्वालाग्राही’, म्हणजे चटकन पेट घेणारे, असा आहे. तरीही ‘फ्लेमेबल’ म्हणजे जळणारे, तेव्हा ‘इन्फ्लेमेबल’ म्हणजे न जळणारे, हा समज चांगले इंग्रजी येणाऱ्यांतही आढळतो. वस्तुतः दोन्ही विशेषणे समानार्थी आहेत.

सगळा घोळ ‘इन’ या उपसर्गाचा. ‘इनव्हिजिबल’, ‘इनकरेक्ट’ यांतला ‘इन’ नकारार्थी आहे. ‘इन्फ्लेमेबल’मधला ‘आत’ या अर्थाचा. पेटवणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदातच तो होता आणि त्याच्यासकट शब्द इंग्रजीत आला. शरीरातल्या दाहाला म्हणतात ते ‘इन्फ्लमेशन’ आणि भडकाऊ भाषणाला लावतात ते ‘इन्फ्लमेटरी’ याच कुळातले. त्यांच्याबाबतीत मात्र कोणाची गफलत होत नाही. शिवाय नकारार्थी ‘इन’देखील दरवेळी उणेपणाच दाखवतो असे नाही. ‘इनव्हॅल्युएबल’ म्हणजे कवडीमोल नव्हे, तर अमूल्य.

‘फ्लेमेबल’ हा मूळ शब्द आणि ‘इन्फ्लेमेबल’ त्यावरून बनला, हेही उलटेच. ‘इन्फ्लेमेबल’ सतराव्या शतकापासून रुळलेला आहे. ‘फ्लेमेबल’ एकोणिसाव्या शतकात अधूनमधून दिसतो. त्याला खरे बळ मिळाले ते 1920च्या दशकात. पिंपावरची सूचना वाचून कामगार गाफील राहिला तर जीव जाईल, या धास्तीने अमेरिकेतील ‘नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन’ने ‘फ्लेमेबल’चा आग्रह धरला. शब्दशुद्धीपेक्षा सुरक्षितता मोठी, हा निर्णय योग्यच म्हणावा लागेल. आज धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ‘फ्लेमेबल’च वापरतात. भारताच्या 1934च्या पेट्रोलियम कायद्यात मात्र पेट्रोलियमच्या व्याख्येतच ‘इन्फ्लेमेबल’ आहे.

दोहोंपैकी ‘इन्फ्लेमेबल’ अधिक जहाल, ही समजूतही निराधार आहे. धोक्याची तीव्रता शब्दावरून ठरत नाही. ती द्रवाची वाफ किती तापमानाला पेट घेऊ शकते यावरून, म्हणजे ज्वलनांकावरून ठरते. भारतीय कायद्यानुसार ज्वलनांक 23 अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर ‘अ’ वर्ग, 23 ते 65पर्यंत ‘ब’ आणि 65 ते 93पर्यंत ‘क’. पेट्रोल ‘अ’ वर्गात येते, डिझेल ‘ब’ वर्गात.

न पेटणाऱ्या वस्तूसाठी ‘नॉनफ्लेमेबल’ हा निःसंदिग्ध शब्द आहे. तापट स्वभाव किंवा चिघळलेली परिस्थिती यांना मात्र अजूनही ‘इन्फ्लेमेबल’च शोभतो, तिथे ‘फ्लेमेबल’ सहसा वापरत नाहीत.