हळद, सदाफुली आणि स्तनांचा कर्करोग

हिवाळा लागला की वडोदऱ्याच्या बाजारात ओल्या हळदीचे ढीग दिसू लागतात. ती बारीक चिरून, लिंबू-मीठ लावून खाण्याची गुजराती चाल आपल्या मराठी घरांनीही केव्हाच उचलली. त्यात गैर काहीच नाही. प्रश्न उद्भवतो तो हीच हळद अर्करूपाने कॅप्सूलमध्ये शिरून कर्करोग बरा करण्याचे आश्वासन देऊ लागते तेव्हा.

स्तनांच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेनंतर पुष्कळ स्त्रियांना टॅमॉक्सिफेनची गोळी पाच वर्षे, क्वचित दहा वर्षेही घ्यावी लागते. यकृतात तिच्यापासून एंडॉक्सिफेन तयार होते आणि मुख्य कार्य तेच करते. नेदरलँड्समधील रॉटरडॅमच्या संशोधकांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या एका लहानशा पाहणीत असे आढळले की, हळदीतील कर्क्युमिन मिऱ्याच्या अर्कासह घेतले असता रक्तातील एंडॉक्सिफेन सुमारे १२ टक्क्यांनी घटते. गंमत अशी, की हळद अंगी लागावी म्हणूनच या कॅप्सूलमध्ये मिरे घालतात! रोजची मात्रा होती ३.६ ग्रॅम कर्क्युमिन. हळदीत ते शेकडा तीन-चार भागच असते. म्हणजे हिशेबाने दररोज जवळजवळ शंभर ग्रॅम हळद झाली. आमटीतल्या चिमटीला भिण्याचे कारण नाही.

वनस्पतींत गुण नसतात असे मात्र कोणी म्हणू नये. आपल्या अंगणातील सदाफुलीच्या द्रव्यांपासून सिद्ध केलेले व्हिनोरेलबीन आणि मूळ यू वृक्षाच्या सालीत सापडलेले पॅक्लिटॅक्सेल ही दोन्ही औषधे या रोगात दिली जातात. परंतु ती शुद्ध करून, तोलून, रक्त तपासून शिरेतून देतात. सदाफुलीची पाने चावून खाणे म्हणजे न मोजलेले विष घेणे होय.

याहून घातक आहे तो कालापव्यय. रूढ उपचार नाकारून केवळ पर्यायी उपचारांवर विसंबलेल्या स्तन-कर्करोगाच्या रुग्णांत मृत्यूचा धोका पाच पटींहून अधिक असल्याचे अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली दाखवून दिले. गाठ लहान असताना जे साधते, ते काढे घेत वर्ष दवडल्यावर साधत नाही.

डॉक्टरांनी "आणखी काही औषध चालू आहे का?" असे विचारले, की आपल्या भगिनी "काही नाही" म्हणून मोकळ्या होतात. शेजारणीने दिलेली पुडी त्यांच्या लेखी औषधच नव्हे! त्या पुड्या, त्या बाटल्या पिशवीत घालून तशाच डॉक्टरांपुढे मांडाव्यात. शस्त्रक्रियेपूर्वी तर अवश्य, कारण लसणाच्या अर्कासारख्या काही पदार्थांनी रक्तस्राव वाढू शकतो.