औषधाआधी मुलाचे तोंड सांभाळा

जमिनीतले सगळेच जिवाणू वाईट नसतात, हे आता कुणाला सांगावे लागत नाही. हरभऱ्याच्या बियाण्याला रायझोबियम चोळून पेरणारे गावोगावी आहेत. माणसाच्या तोंडाचेही तसेच आहे. तिथे जिवाणूंच्या सुमारे ७०० जाती आढळल्या आहेत. बहुतेक निरुपद्रवी असून त्या जागा अडवून धरतात, त्यामुळे उपद्रवी जातींना हातपाय पसरता येत नाहीत. हा विषय या पानावर घेण्याचे कारण असे की, रक्ताच्या कर्करोगाची मुले दोन उपचारांच्या मधल्या काळात पुष्कळदा गावीच असतात आणि त्यांचे तोंड येते ते याच दिवसांत.

या रोगावरचे मेथोट्रेक्सेट हे जुने औषध. आजच्या आंध्र प्रदेशातील भीमावरमचे डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या अमेरिकेतील गटाने या प्रकारची औषधे तयार केली. त्यांतल्याच एकाने मुलांचा रोग काही काळ मागे हटतो, हे बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी १९४८ साली प्रसिद्ध केले. झपाट्याने वाढणाऱ्या पेशी मारणे हे या औषधांचे काम. पण तोंडाचे अस्तरही एक-दोन आठवड्यांत नवे होत असते, म्हणून तेही सापडते. तणनाशक वाऱ्याने उडून शेजारच्या कपाशीवर जावे तसे.

औषधानंतर साधारण ५ ते १० दिवसांत तोंड लाल होते, मग जखमा पडतात. त्याच सुमारास रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटलेल्या असतात. एरवी निमूट राहणारे स्ट्रेप्टोकॉकस जातीचे जिवाणू जखमेतून रक्तात शिरले, तर जिवावर बेतते. पोर खात नाही, वजन उतरते, पुढचा उपचारही लांबतो. तेव्हा 'उष्णता झाली असेल' म्हणून सोडून देण्याजोगी ही गोष्ट नव्हे.

औषध सुरू होण्यापूर्वीच किडलेले दात दाखवून घ्यावेत. दिवसातून दोनदा अगदी मऊ ब्रशने दात घासावेत; रक्त येऊ लागले तर डॉक्टरांना विचारावे. उकळून कोमट केलेल्या एक लिटर पाण्यात एक लहान चमचा मीठ व तेवढाच खाण्याचा सोडा घालून, खाल्ल्यानंतर व झोपताना चुळा भरायला लावाव्यात. पाणी गिळू देऊ नये, रोज नवे करावे. राखुंडी, तुरटी नको. मिश्री तर भाजलेली तंबाखूच, ती घरातल्या मोठ्यांनीही सोडलेली बरी! जंतुनाशक औषधाच्या चुळाही मनाने देऊ नयेत. खायला मऊ खिमट, गार केलेले वरण द्यावे. काही ठराविक औषधे देताना बर्फ चघळायला देतात, काही मोठ्या रुग्णालयांत सौम्य लेसरचा प्रकाश देतात; आपल्या मुलाला ते लागू आहे का, हे विचारून घ्यावे.

मग जिवाणू खतासारखी चांगल्या जिवाणूंची पावडर मुलाला का देऊ नये? शंका रास्त आहे. पण पांढऱ्या पेशी कमी असताना जिवंत जिवाणू, चांगले म्हटलेले असले तरी, अंगावर येऊ शकतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये.

ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त भरला, तर गोळी देऊन सकाळपर्यंत थांबायचे नाही. त्याच रात्री रुग्णालय गाठायचे. त्यासाठी रुग्णालयाचा फोन फाइलच्या पुठ्ठ्यावर ठळक लिहून ठेवावा आणि रात्री-अपरात्री कुणाची जीप मिळेल, ते आधीच बोलून ठेवावे.