आखातातील नोकरीबदल: कफीलाच्या संमतीचा मागोवा

आखाती देशांतील परदेशी कामगाराचा निवासाचा हक्क ज्या व्यवस्थेने मालकाच्या हाती सोपवला, ती 'कफाला' या नावाने ओळखली जाते. तिच्यात कामगाराच्या वास्तव्याची हमी घेणाऱ्या मालकास 'कफील' म्हणतात, आणि 'इकामा' म्हणजे निवासपत्र त्या कफीलाच्याच नावाशी जोडलेले असल्यामुळे नोकरी सोडणाऱ्याचे त्या देशात राहणेच बेकायदा ठरत असे. म्हणून एका कफीलाकडून दुसऱ्याकडे जाण्यासाठी, ज्याला सौदीतील कामगार 'नकल कफाला' म्हणतात, पहिल्याचे ना-हरकत पत्र, अर्थात एनओसी, अनिवार्य होते. गेल्या दीड दशकात सहाही आखाती राजवटींनी ही अट कमीअधिक प्रमाणात सैल केली. मात्र एनओसी मागे घेताना निवासाची दोरी त्यांनी बहुतांशी मालकाच्याच हाती राहू दिली.

या व्यवस्थेचे मूळ पुष्कळदा पाहुण्याला आश्रय देण्याच्या अरबी प्रथेत शोधले जाते, परंतु ते स्पष्टीकरण अपुरे आहे. अभ्यासक ओमर अल-शेहाबी यांनी दाखवून दिल्याप्रमाणे, 1920 च्या दशकात बहरीनमधील ब्रिटिश प्रशासनाने मोती काढणाऱ्या बोटींवरील परदेशी माणसांची जबाबदारी बोटीच्या नाखव्यावर टाकली, आणि परक्या माणसामागे एक ओळखीचा हमीदार हवा हा दंडक तेथून प्रशासनात रुजला. तेल सापडल्यावर हमीदार बदलला, दंडक टिकला.

1973 च्या तेलदरवाढीनंतर बांधकामांना जो वेग आला, त्याबरोबर रत्नागिरी आणि रायगड जिल्ह्यांतील असंख्य घरांतून वेल्डर, फिटर, चालक आणि स्वयंपाकी मुंबईच्या एजंटांमार्फत आखातात गेले. भारताने 1983 मध्ये उत्प्रवास कायदा करून, ज्यांच्या पासपोर्टवर 'ईसीआर' असा शेरा आहे अशा कमी शिकलेल्या कामगारांना जाण्यापूर्वी सरकारी मंजुरी सक्तीची केली. त्या कायद्याने पुष्कळांना फसवणुकीपासून वाचवले हे निर्विवाद आहे. तरीही ही मंजुरी विशिष्ट मालकाच्या विशिष्ट करारासाठी मिळत असल्याने, कामगार तेथे पोहोचून मालक बदलू पाहील तेव्हाची तजवीज तिच्यात फारशी नव्हती.

एनओसी नाकारली गेली की कामगारापुढे वाईट पर्यायच उरत. तो मायदेशी परतला, तर पुन्हा येण्यावर ठरावीक मुदतीची बंदी, म्हणजे 'बॅन', लागण्याची शक्यता असे. काम सोडून दुसरीकडे गेला, तर मालक तो पळून गेल्याची नोंद करी, जिला सौदी अरेबियात 'हुरूब' म्हणतात आणि जिच्यामुळे अटक व हद्दपारी ओढवू शके. यातूनच 'आझाद व्हिसा'चा बाजार उभा राहिला: कफील नावापुरता, काम भलतीकडे, आणि त्या नावासाठी कामगाराने पैसे मोजायचे. कायद्यात अशा व्हिसाला कधीच स्थान नव्हते, परंतु नोकरी बदलण्याची कायदेशीर वाट बंद ठेवणाऱ्या व्यवस्थेनेच त्याला गिऱ्हाईक पुरवले.

पहिली ठळक सुधारणा बहरीनने केली. तेथील कामगारमंत्री माजिद अल-अलावी यांनी कफालाची तुलना जाहीरपणे गुलामगिरीशी केली आणि ऑगस्ट 2009 पासून घरकामगार वगळता इतरांना मालकाच्या संमतीविना नोकरी बदलण्याची मुभा मिळाली. मात्र 2011 मध्ये पहिल्या मालकाकडे एक वर्ष काढण्याची अट घालून ती आकुंचित करण्यात आली. त्याच वर्षी सौदी अरेबियाने 'निताकत' ही योजना आणली, जिच्यात स्थानिकांना नेमण्याच्या प्रमाणावरून कंपन्यांना रंगांच्या श्रेणी मिळाल्या आणि लाल श्रेणीतील कंपनीच्या परदेशी कामगाराला मालकाच्या परवानगीवाचून दुसरीकडे जाता येऊ लागले. येथे नोकरीबदलाची मोकळीक मालकाला शिक्षा म्हणून दिलेली होती, कामगाराचा हक्क म्हणून नव्हे. 2016 मध्ये काही बांधकाम कंपन्यांचे पगार थकून हजारो भारतीय जेद्दा परिसरातील छावण्यांत अडकले, तेव्हाही त्यांना नोकरी बदलू देण्यासाठी भारत सरकारला शिष्टाई करून खास सवलत मिळवावी लागली.

कतारची वाटचाल सर्वांत बोलकी आहे. 2009 च्या तेथील कायद्यानुसार संमतीविना नोकरी सोडून देशाबाहेर गेलेल्यास दोन वर्षे परत येता येत नसे, आणि देश सोडण्यासाठीही मालकाची परवानगी लागे. 2010 मध्ये फुटबॉल विश्वचषकाचे यजमानपद मिळाल्यावर जगाचे लक्ष तेथील बांधकामांकडे वळले. 2014 मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेकडे कतारविरुद्ध तक्रार दाखल झाली आणि 2017 मध्ये सहकार्याचा करार होऊन ती मिटवण्यात आली. दरम्यान डिसेंबर 2016 मध्ये अमलात आलेल्या कायद्याने मुदतीचा करार संपल्यावर, किंवा बेमुदत करारात पाच वर्षांनंतर, एनओसीविना जाण्याची सोय केली. ऑगस्ट 2020 च्या सुधारणेने ही प्रतीक्षाही काढून टाकली: दोन वर्षांपर्यंत नोकरी झालेल्याने एक महिन्याची आणि त्याहून जुन्याने दोन महिन्यांची पूर्वसूचना दिली की पुरे. प्रत्यक्षात मात्र राजीनाम्यावर जुन्या मालकाचा शिक्का मागण्याचे, आणि राजीनामा देताच निवास परवाना रद्द करण्याचे किंवा पळून गेल्याची तक्रार करण्याचे प्रकार चालू राहिल्याचे कामगार हक्कांच्या अभ्यासकांनी नोंदवले आहे.

इतर देशांतील बदल याच सुमाराचे आहेत. ओमानने जानेवारी 2021 पासून करार संपलेल्यांसाठी एनओसी रद्द केली. सौदी अरेबियाने 14 मार्च 2021 पासून, एक वर्ष पूर्ण केलेल्यांना 'किवा' या संगणकीय प्रणालीवरून नोकरीबदलाचा मार्ग खुला केला. अमिरातीच्या फेब्रुवारी 2022 पासून लागू झालेल्या कायद्याने करार व पूर्वसूचनेचे नियम नव्याने बांधले.

यांपैकी अनेक सुधारणांना एक जुनी मर्यादा चिकटून आहे, आणि ती सर्वांत दुबळ्यांच्या वाट्याला आली आहे. सौदी सुधारणेतून घरकामगार, मेंढपाळ, शेतमजूर, माळी आणि घरचे चालक वगळले गेले. कुवेतमध्ये घरकामाचा 'खादिम व्हिसा' आणि खाजगी कंपनीचा 'शून व्हिसा' ही दोन वेगळी दालने असून पहिल्यातून दुसऱ्यात जाणे एरवी बंद असते. 2024 मध्ये 14 जुलै ते 12 सप्टेंबर या काळापुरती ती वाट उघडण्यात आली, तेव्हा घरकामगाराने त्याच घरी किमान एक वर्ष काढलेले असणे आवश्यक होते, आणि विद्यमान कफीलाची संमतीही.